बेंदराला मरायचा मान

आठ जुलै, मंगळवार, बेंदूर. सकाळी ढगाळ, साडेनऊनंतर भुरभुर, वारा पश्चिमेचा, बाराला लख्ख ऊन... हे मी डायरीत लिहून ठेवलंय म्हणून छातीठोकपणे सांगतो, कारण आता गावात जो तो म्हणतोय की त्या दिवशी जे झालं ते तात्यांमुळं झालं! माझ्यामुळं? अहो, मी केलं काय? एक कागद लावला! एक कागद आणि चार टाचण्या! तेवढ्यावर बावीस माणसं मरायला उठली तर तो माझा गुन्हा? मी सकाळपासून घसा बसेपर्यंत एकच सांगत होतो, मरा बाबांनो, जरूर मरा, पण क्रमानं मरा!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं गावात पटकीची साथ आली होती.

मी बाळासो. गाव मला तात्या म्हणतं. आमचं गाव कोरेगावपासून अकरा किलोमीटर. साखर कारखान्यात मी टाइमकीपर होतो, अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या, आणि ती सवय घरी आल्यावरही सुटेना. रोज डायरी. हवा कशी, कोण आलं, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आणि गेलं नसेल तर का गेलं नाही. बायको म्हणते, "आवं, आपलं लगीन झालं ते तरी लिवलंय का?" लिहिलंय की! त्या दिवशी उकाडा होता.

तर आमची संयोगिता. माझ्या थोरल्या भावाची, लालासाहेबांची मुलगी. सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात शिकते, आणि तिला पुण्याला जाऊन सिनेमाचं संकलन शिकायचंय. संकलन म्हणजे, तुम्हाला सांगतो, घेतलेल्यातलं नको ते कापायचं. आता कापाकापी तिच्या रक्तातच आहे, कारण तिच्या बापानं आजवर कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन घरी आले ते हुकूम घेऊनच आले. पोरीनं पुण्याच्या प्रवेशाचा फॉर्म पुढं केला तर म्हणाले, "एक मौका. सांगलीच्या स्पर्धेत तुझ्या पिक्चरचा नंबर आला, कुठलाबी, तर सही. न्हाई आला तर साताऱ्याला बँकेच्या परीक्षेचा क्लास. बात खतम."

आणि पोरीनं त्या एकुलत्या एका मौक्याला काय निवडावं? स्लॅशर! मी म्हटलं, म्हणजे गं काय? म्हणाली, "तात्या, एक जण मुखवटा घालून येतो आणि ऐन सणाच्या दिवशी एकेकाला कोयत्यानं मारत सुटतो." मी डायरीत लिहिलं, कोयतापट.

सण कुठला? बेंदूर, आमच्याकडचा पोळा! मारेकरी बैलाची झूल पांघरून, डोक्याला हिंगूळ लावलेली शिंगं बांधून, शिंगांना बेगड चिकटवून उसातून बाहेर पडतो. काय सुचलंय पोरीला! सजवलेले बैल आयते, मिरवणूक आयती, वाजंत्री आयती. पण दिवस एकच हो! त्या एका दिवसात झालं तर झालं, नाहीतर पुढच्या बेंदराला ही साताऱ्यात बसून व्याजदर पाठ करणार.

आदल्या आठवड्यात तिनं मला सोप्यात बसवून सगळं समजावलं. "तात्या, याचा साचा ठरलेला असतो. फार वर्षांपूर्वी सणाच्या दिवशी कुणावर तरी अन्याय झालेला असतो. वर्षं जातात. तोच सण पुन्हा येतो आणि तो मुखवटा घालून परत येतो. पहिला मरतो तो अगदी कुणीच नसलेला माणूस. मग बढाईखोर मरतो, मग 'मी जरा बघून येतो' म्हणणारा मरतो. एक म्हातारी सगळ्यांना आधीच सांगत असते की जाऊ नका, पण तिचं कुणी ऐकत नाही. शेवटी एकच मुलगी उरते, ती त्याला लोळवते. आणि मेला मेला म्हणून आपण सुस्कारा टाकतो तोवर तो उठून बसतो!"

मी म्हटलं, अगं हे तर आमच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीसारखंच झालं.

पण पोरगी शहाणी. म्हणाली, "कोण कधी मेला, कपड्यांवर रंग किती, ऊन होतं का सावली, हे टिपायला तुमच्याशिवाय कोण आहे, तात्या?" अठ्ठावीस वर्षांत कारखान्यात मला असं कुणी म्हणालं नव्हतं! मी विरघळलो. तेवढ्यात म्हणते, "आणि पहिले मरणारे तुम्हीच." मी म्हटलं, मी का? म्हणाली, "पहिला असा हवा की त्याचं नाव कळायच्या आत गेला पाहिजे. गेला तरी कुणाचं काही अडायला नको. तुम्ही अगदी फिट बसता."

राग आला का? आला. अर्धं मिनिट. मग लिहिलं, निवड योग्य.

आता चूक कुठं झाली ते ऐका. आमच्याकडं वेशीत पिंपळाच्या पानांची दोरी आडवी बांधतात, तिला कर म्हणतात. मिरवणुकीत ज्याचा बैल ती पहिली तोडतो त्याचा वर्षभराचा मान. कुणाचा बैल कितवा, तो कागद बेंदराच्या सकाळी मारुतीच्या देवळातल्या फळ्यावर लागतो. लिहितं कोण? मी. अकरा वर्षं. वर लाल शाईत 'बेंदूर : क्रम', खाली काळ्या शाईत नावं. औंदा तो कागद मी आदल्या दिवशीच लावून टाकला होता, म्हटलं सकाळी शूटिंग आहे, घोळ नको. आणि बेंदराच्या सकाळी सात वाजता काय केलं? संयोगिताच्या मरणाऱ्यांची यादी सगळ्यांना दिसावी म्हणून त्याच फळ्यावर, त्याच कागदाच्या वर, त्याच अक्षरात लावली, लाल शाईत लिहून, 'बेंदूर : क्रम'. एक, बाळासो. दोन, तीन, चार आमची भावकी. पाच, मानसिंगराव.

बरं, थोडी चूक माझी. थोडीशी!

आठ वाजून दहा मिनिटांनी मानसिंगराव हजर. पाटलाचं घराणं. मिशी आधी आली, मागून ते आले. "तात्या! चाळीस वर्सं आमच्या बैलानं पयला कर तोडला, आनि औंदा पाचवा? आनि पयला कोन, तर तू? आरं, तुझ्या गोठ्यात बैल सोड, बैलाचा खुटा तरी हाय का?"

मी म्हटलं, मानसिंगराव, घोटाळा होतोय. हा मानाचा क्रम नाही, हा मरणाचा क्रम आहे. सिनेमात कोण कितवा मरणार त्याचा.

आता मला सांगा, हे ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? 'असं व्हय, मग ऱ्हाऊ द्या' म्हणून घरी जावं की नाही? मानसिंगराव कागदावर बोट आपटून म्हणाले, "मरनाचा का असंना, पयला तो पयला!"

झालं! इकडं पोरगी कॅमेरा लावतेय, तिकडं बातमी फुटली. आणि मग कोण यावं? लालासाहेब! ज्यांनी 'मला त्या भानगडीत घेऊ नका' म्हणून बजावलं होतं ते लालासाहेब, इस्त्रीचा सदरा घालून, कदम मिलाके, सरळ फळ्यापाशी. मला म्हणाले, "बाळासो, थोरला जित्ता असताना धाकट्यानं आधी मरायचं? आईआबांनी ह्येच शिकवलं?"

मी म्हटलं, आप्पा, सिनेमात आहे ते...

"सिनेमात मेला म्हनून धाकटा थोरला हुत न्हाई! आनि यादीत माझं नाव कुटं हाय? चोवीस वर्सं बॉर्डरवर मरायला तयार हुतो, तवा कुनी मारलं न्हाई. आता पोटच्या पोरीच्या पिक्चरमधी मला मरायला जागा न्हाई व्हय?"

संयोगिताचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. बिचारी समजूत घालायला गेली, "आप्पा, मानसिंगकाका, ऐका तरी. यात उलटं असतं. जो सगळ्यात शेवटी मरतो तो सगळ्यात महत्त्वाचा!"

त्यावर लालासाहेब आणि मानसिंगराव, जे एकमेकांशी सत्याऐंशी सालच्या बेंदरापासून धड बोलत नाहीत, ते एका आवाजात म्हणाले, "शेवटचा म्हंजी बैलामागनं शेन भरनारा!"

साडेनऊला भुरभुर सुरू झाली तोवर यादीत माझं सोडून बावीस नावं झाली होती आणि बावीसच्या बावीस पहिली. कुणी म्हणे माझा आजा गावचा पयला पैलवान, कुणी म्हणे माझी जमीन पाटाला पयली लागती. मी खोडतोय, लिहितोय, खोडतोय... शेवटी फळ्यापुढं उभा राहून हात जोडले. मरा, पण क्रमानं मरा!

पण कोण ऐकणार! पोरगी म्हणाली, "जाऊ द्या तात्या, आधी म्हातारीचा प्रसंग घेऊ." म्हातारी कोण, तर आमची चुलती सुलाबाई, वय शहात्तर, आवाज असा की कोरेगावच्या बाजारात बोलली तर इथं ऐकू यावं. तिचं काम एवढंच, उसाच्या बांधावर उभं राहून म्हणायचं, जाऊ नका. आणि पोरांनी हसून तिला ओलांडून उसात जायचं. सोपं आहे की नाही? कॅमेरा सुरू. सुलाबाई म्हणाली, "जाऊ नगा रं त्या उसात. तिकडं गेलेला माघारी येत न्हाई."

आणि सगळी पोरं म्हणाली, "बरं आज्जी." आणि माघारी फिरली!

संयोगिता ओरडली, "अरे, जायचंय तुम्हाला!" तर त्यातला एक म्हणतो, "आवं ताई, सुलाआज्जीचं न ऐकून कसं चालंल? मागल्या साली न्हाई ऐकलं तर आईला सांगून आली हुती." पुन्हा घेतलं. पुन्हा माघारी. तिसऱ्यांदा सुलाबाईच वैतागली, "मी कशाला खोटं सांगू? तिकडं बिबट्या हाय खराच!" संपलं. तिसऱ्या मिनिटाला चित्रपट समाप्त, सगळे सुखरूप घरी! अहो, म्हणून तर सगळा कोयतापट भर दुपारी घ्यावा लागला, कारण रात्री उसात जायला कुणी तयार नाही, आणि बिबट्याला काही साचा माहीत नसतो.

मग मारेकरी. मारेकरी केला होता साईराजला. दूधगाडी चालवतो, उंची सहा फूट, म्हणून घेतला. पण स्वभाव! गाईला हाक मारतानासुद्धा 'अहो' म्हणेल. झूल पांघरली, शिंगं बांधली, हातात पुठ्ठ्याचा कोयता, वर चंदेरी बेगड, आणि उसातून असा बाहेर आला की खरंच सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आला तो मानसिंगरावांच्या पुढं थांबला, आणि वाकून पाया पडला. मुखवट्यातून आवाज, "काका, माफी असावी हं."

"साईराज, तू खुनी आहेस!" संयोगिता.

"व्हय ताई, पन वडीलधाऱ्यावर कोयता उगारायचा म्हंजी आधी पाया नको पडायला?"

तेवढ्यात सुलाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. बेंदराला लोखंड राबवायचं नसतं, त्याची पूजा करायची असते. मी म्हटलं, काकी, हा पुठ्ठा आहे. "पुठ्ठ्याचा असला म्हनून काय झालं, कोयताच हाय न्हवं?" झालं. कोयत्याला कुंकू, वर झेंडूचं फूल, आणि साईराजच्या तोंडात पुरणपोळीचा घास. सणासुदीचा उपाशीपोटी खून करू नये म्हणे!

आणि ती शेवटी उरणारी मुलगी? ती संयोगिताची मैत्रीण, ज्ञानदा, सांगलीहून आलेली. तिनं उसातून एकटीनं किंचाळत पळायचं होतं. एकटीनं! आमच्या गावात! पाहुणी पोर एकटी उसात निघाली बघून चौदा बायका तिच्यामागं निघाल्या. "पोरी, पाय घसरंल, हळू पळ." "आगं, पळताना तरी डोस्क्यावर काहीतरी घे, ऊन लागंल." आणि साईराज? तो जागचा हललाच नाही. म्हणाला, "पाहुणीच्या मागं कोयता घिऊन पळायचं? आई घरात घेनार न्हाई मला."

दीड वाजला होता. मी लिहिलं, मृत शून्य.

संयोगिता म्हणाली, "निदान अन्यायाचा प्रसंग तरी घेऊ. साईराज, मुखवटा काढ आणि सांग तू का मारतोस ते." साईराजनं पाठ केलेलं म्हटलं, "चाळीस वर्षांपूर्वी याच वेशीत माझ्या आज्याच्या बैलाचा मान काढून घेतला!"

सगळा गाव कान टवकारून पुढं सरकला. आणि मग कुणीतरी म्हणालं, "मंग बराबर हाय की त्याचं."

अहो, प्रेक्षकांनी खुन्याला घाबरायचं असतं, हे लोक खुन्याच्या बाजूनं उभे राहिले! "मान काढला म्हंजी मारायलाच पायजे." "कुनी काढला?" "आता कुनी काढला ते मानसिंगरावास्नी इचारा!" आणि तिथून ते सत्याऐंशी साल जे बाहेर निघालं! कुणाचा बैल आधी वेशीत आला, कुणाचा आडवा घातला, कुणी शेपटी पिरगाळली. लालासाहेब म्हणतात आमचा बैल चार पावलं पुढं होता. मानसिंगराव म्हणतात पुढं होता पण तोंड माघारी होतं. दोघंही एकदम माझ्याकडं वळले. "तात्या, तुझ्या डायरीत काय हाय?"

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो हो! डायरी लिहीत नव्हतो!

शेवटी मीच तोडगा काढला. मी, ज्याला कुणी विचारत नाही तो! म्हटलं, दोन बैलांवरून वाद झाला की आपण काय करतो? जोडीनं सोडतो. तसं दोघांनी जोडीनं मरा. एका कोयत्यात. दोघांना पटलं. म्हणून साईराजनं एकदाचे डोळे मिटून हात फिरवला, आणि लालासाहेब जे पडले, काय पडले! आधी सॅल्यूट, मग गुडघ्यावर, मग आडवे. मानसिंगराव पडता पडता मिशीवर ताव मारून पडले. आणि ते बघून बाकीचे वीस म्हणाले, "आमी काय घोडं मारलंय?" आणि धडाधड सगळे पडले! कोयता न लागता! साईराज अजून दोघांच्या पाया पडतोय, तोवर वेशीत बावीस मढी, आणि त्यांच्यामधून बैल अंगावरची झूल हलवत, वाट काढत कर तोडून गेला. कुणाचा बैल? कुणी बघितलंच नाही. सगळे मेले होते!

मी एकटा उभा, डायरी हातात. म्हटलं, मरा पण क्रमानं मरा म्हणत होतो ना मी? आणि गंमत बघा, ज्याला पहिलं मरायचं होतं तो मीच जिवंत राहिलो.

दोन वाजून पाच मिनिटं. चित्रपटाच्या पहिल्याच मिनिटात अख्खं गाव खलास, आणि पुढची चौदा मिनिटं मारायला माणूस शिल्लक नाही. संयोगिता बांधावर जाऊन बसली. रडत नव्हती, पण गवताची काडी घेऊन तिचे बारीक बारीक तुकडे करत होती. म्हणाली, "तात्या, साचाच मोडला. दिवस गेला. आता बँकच." मी शेजारी बसलो आणि डायरी उघडून तिला वाचून दाखवायला लागलो, कारण मला दुसरं येतं काय? आठ दहा, मानसिंगराव आले, पहिल्या मरणाचा हक्क सांगितला. आठ चाळीस, आप्पा आले, तोच हक्क सांगितला. अकरा वीस, सुलाकाकीनं तिसऱ्यांदा सगळ्यांचे प्राण वाचवले. बारा पन्नास, खुन्याला पुरणपोळी, तूप जास्त...

पोरगी हसायला लागली. थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "तात्या, कॅमेरा मी सकाळपासून बंदच केला नव्हता. राग आला होता ना, बंद करायचं सुचलंच नाही." आणि उठली, माझ्या हातातली डायरी ओढून घेतली आणि सांगलीला घेऊन गेली. अकरा दिवस माझ्याकडं डायरी नव्हती! त्या अकरा दिवसांची हवा मला आजही सांगता येत नाही. तिनं माझ्या नोंदींच्या क्रमानं सगळं जोडलं. पंधरा मिनिटं. एक खुनी सणादिवशी गावात बदला घ्यायला येतो, आणि आधी कुणाला मारायचं हे गाव त्याला ठरवूनच देत नाही. शेवटी साईराज दमून शिंगं सोडतो, आणि पंगतीत शेवटच्या पानावर जेवायला बसतो. नाव, 'क्रम'. स्पर्धेच्या फॉर्मवर विभाग लिहिला, भयपट.

दोन ऑगस्ट, शनिवार. सांगली, विश्रामबाग. ऊन, मधूनच एक सर, वारा नाही. निकालाला दोन जीपा भरून गेलो, कारण मेलेले सगळे यायचे म्हणाले, आणि पहिली जीप कुणाची यावरून निघायला पाऊण तास उशीर झाला. सभागृहात पडद्यावर आप्पा सॅल्यूट करून पडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आप्पा अंधारात उठून उभे राहिले, सावधान स्थितीत. मानसिंगरावांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. नोंद केली, पाच वाजून वीस.

निकाल जाहीर झाला सहा पाचला. भयपट विभाग, क्रमांक नाही. विनोदी विभाग, क्रमांक नाही. परीक्षकांनी चित्रपट स्वतःहून तिसऱ्या विभागात घातला होता. लोकपरंपरा माहितीपट विभाग, क्रमांक पहिला.

सहा अठराला सभागृहाच्या पायरीवर पुण्याच्या प्रवेशाचा फॉर्म भरला. फॉर्मवर पालकाची एक सही लागते. दोन आहेत. वरची मानसिंगरावांची.